कापसाचा मुलूख आणि आखाड्याची माती

अकोल्याहून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, सपाट, उन्हाळ्यात पाय शिरेल इतक्या भेगा पडणारी जमीन मागे टाकू लागतो आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पहिले उंचवटे त्याच्या नजरेच्या टप्प्यात येऊ लागतात, त्या संधिप्रदेशात बार्शीटाकळी हा जुना कसबा वसलेला आहे. जुन्या दफ्तरांत वऱ्हाडचे तीन विभाग सांगितलेले आढळतात : सातपुड्याचा मेळघाट, मधल्या खोऱ्याचा पयनघाट आणि दक्षिणेकडील पठाराचा बालाघाट. पयनघाट जेथे आटोपतो आणि बालाघाटाची चढण जेथे सुरू होते, तेथला हा गाव. विद्रूपा नदीच्या काठच्या या गावी कालंका देवीचे जे पाषाणमंदिर आहे, त्यातील शिलालेख शके १०९८चा, म्हणजे देवगिरी ही यादवांची राजधानी होण्याच्याही आधीचा आहे. आणि ज्या हेमाद्री पंडिताच्या नावाने आपण अशी मंदिरे सरसकट ओळखतो, त्याची कारकीर्द सुरू व्हायला तेव्हा आणखी ऐंशी-नव्वद वर्षांचा अवधी होता. इतक्या दीर्घ काळात या गावावरून अनेक राजवटी गेल्या. इमादशाही आली, निजामशाही आली, मोगल आले, आसफजाही निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल आला. परंतु सामान्य वाचकाला विशेष चमत्कारिक वाटेल अशी राजकीय अवस्था या मुलखाच्या वाट्याला आली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर.

१८५३च्या तहान्वये हैदराबादच्या निजामाने आपल्या पदरी ठेवलेल्या कंटिंजंट फौजेच्या खर्चाच्या तजविजीसाठी वऱ्हाडचा कारभार इंग्रज कंपनीच्या हवाली केला. मुलूख निजामाचा, वसुली इंग्रजांची, आणि वसुलीतून खर्च भागल्यावर उरेल ती शिल्लक पुन्हा निजामाची, असा हा व्यवहार होता. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली, ती निष्फळ ठरली. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून हा मुलूख सालीना पंचवीस लाख रुपये खंडावर कायमच्या इजाऱ्याने घेतला आणि लगोलग, १९०३ साली, तो मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरच्या हाताखाली दिला. म्हणजे वऱ्हाड हा नीट ब्रिटिश प्रांत नव्हता आणि संस्थानही नव्हता. तेथील कायदेसुद्धा दीर्घकाळ हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमाने लागू होत असत. भोवती जमीनच जमीन असूनही कारभाराच्या दृष्टीने हे एक बेट होते. आणि बेटावरील समाजाला आपले पोट व आपली करमणूक या दोहोंची व्यवस्था आपणच लावावी लागते, तशी ती वऱ्हाडाने लावली.

युरोपात बाल्टिक समुद्रातील ऑलंड या द्वीपसमूहाचे उदाहरण या संदर्भात मनात येते. तेथील लोक स्वीडिश बोलणारे, सार्वभौमत्व फिनलंडचे, आणि १९२१ साली राष्ट्रसंघाच्या निर्णयाने त्यांना मिळालेली स्वायत्तता आजतागायत अबाधित आहे. अशा छोट्या बेटांनी १९८५ साली आपले स्वतंत्र क्रीडासंमेलनही सुरू केले आणि १९९१ साली ते ऑलंडमध्येच भरले. ज्यांना राष्ट्र म्हणून कोणी मोजत नाही त्यांना मैदानावर आपल्या नावाने उभे राहण्याची किती ओढ असते, याची साक्ष त्या संमेलनातून मिळते. वऱ्हाडची ओढ याच जातीची होती. तिला बळ मात्र कापसाने पुरविले.

लगतच्या नागपूरकडील भागात मालगुजारीची पद्धत होती, तर वऱ्हाडात रयतवारी लागू झाली. शेताचा खातेदार तोच सरकारचा देणेकरी, मध्ये कोणी मालगुजार नाही, या व्यवस्थेमुळे आपल्या वावरात काय पेरायचे याचा निर्णय पुष्कळ अंशी कुणब्याच्या हाती राहिला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सगळ्या जगाची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. त्याच दशकात मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा असे टप्पे घेत १८६७ साली नागपुरास पोहोचली. १८७० साली खामगावची शाखा उघडायला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. ज्या मुलखाचे सार्वभौमत्व कोणाकडे आहे हे त्याच्या रहिवाशांनाही चार वाक्यांत सांगता आले नसते, त्या मुलखाच्या कापसाचा भाव लिव्हरपूलच्या बाजारात पुकारला जाऊ लागला. पऱ्हाटी फुटली की घर उजळे, बोंडअळी पडली की घर अंधारे, असे वऱ्हाडचे जीवन एका पिकाभोवती बांधले गेले ते तेव्हापासून.

या अर्थव्यवस्थेतील सर्वांत मौलिक गोष्ट कोणती, असे विचारल्यास मी रेल्वेचे नाव घेणार नाही, जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांचेही घेणार नाही. मी बाजाराच्या कायद्याचे घेईन. आज भारतभर कृषी उत्पन्न बाजार समित्या आहेत. त्यांचे मूळ वऱ्हाडात आहे. कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने नियमित झाला आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. शेतमालाच्या बाजारासाठी या देशात झालेला हा पहिला कायदा. त्यापूर्वी व्यवहार कसा चाले हे समजून घेतल्यावाचून या गोष्टीची थोरवी ध्यानात यायची नाही. पहाटे बंड्यांची रांग लागे. दलाल आणि खरीददार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून त्यांचे चेहरे न्याहाळी. भाव ठरल्यावर अडत, हमाली, तोलाई, कडता आणि धर्मादाय अशा नाना नावांनी त्याच्या पट्टीतून रकमा कापल्या जात. तराजू व्यापाऱ्याचा, वजने व्यापाऱ्याची, आणि तक्रार ऐकणारा पंचही बहुधा व्यापारीच. कायद्याने नेमलेला बाजार, सनद घेतलेले दलाल व मापारी आणि ठरीव दस्तुरी या गोष्टी आल्या, तेव्हा निदान आपल्याला कोणत्या नावाखाली किती कापले हे शेतकऱ्याला कळू लागले.

हा कायदा निर्दोष होता असे मात्र कोणी समजू नये. बाजाराच्या समितीत व्यापाऱ्यांचा भरणा असे. ज्याच्या घामावर बाजार चाले त्या उत्पादकाला तेथे आवाज नव्हता. १९२७च्या मुंबईच्या कायद्याने उत्पादकांच्या प्रतिनिधित्वाची सोय केली, आणि पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या शाही कृषी आयोगाच्या अहवालाने वऱ्हाडच्या बाजारांची स्तुती करतानाच त्यांचे हे न्यून दाखवून दिले. पण धर्मादाय म्हणून कापल्या जाणाऱ्या त्या आण्या-पैशांकडे मी निराळ्या दृष्टीनेही पाहतो. शेतकऱ्याला न विचारता घेतलेला हा पैसा, यात संशय नाही. आणि धर्मशाळा, गोशाळा, पाणपोया अशी जी सार्वजनिक कामे वऱ्हाडच्या बाजारगावांत उभी राहिली, त्यांच्या पायाशी कापूस उत्पादकाच्या बंडीवरून उतरलेला वाटा आहे, यातही संशय नाही. ज्या गावी कापसाचा बाजार त्या गावी वर्गणी, आणि ज्या गावी वर्गणी त्या गावी वाचनालय, नाटकगृह आणि तालीम, हा क्रम अमरावती, अकोला, खामगाव या शहरांच्या बाबतीत सहज पडताळून पाहता येतो.

खेळाच्या बाबतीत प्रथम बोलायचे ते बैलाविषयी, कारण या मुलखात शेतकऱ्याचे मोठ्यांतले मोठे भांडवल आणि मोठ्यांतला मोठा अभिमान यांचे एकच रूप होते. वखर, डवरा आणि बंडी ओढणारी जोडी पोळ्याच्या दिवशी शिंगांना बेगड, अंगावर झूल आणि गळ्यात घुंगरमाळ लेवून तोरणाखाली उभी राहते, झडत्या म्हटल्या जातात, मानाची जोडी प्रथम निघते आणि मग सगळे गाव बैलांच्या मागून घरोघर जाते. आदल्या दिवशी खांद्यांना लोणी-हळद लावून ते मळण्याचा जो विधी असतो, त्यात वर्षभर जू वाहिलेल्या त्या खांद्यांविषयीची कृतज्ञता आहे. पेरणीचा हंगाम सरला, कापसाची वेचणी उलगडली आणि शिवार मोकळे झाले, म्हणजे हीच आवड शंकरपटाच्या रूपाने प्रकट होई. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट साऱ्या विदर्भात नावाजलेला. हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी सुटते, धुरकरी जिवाच्या कराराने दोन्ही कासरे सांभाळतो आणि सेकंदाच्या भागांशांनी जय-पराजय ठरतो. वर्ध्याकडची पांढरीशुभ्र, चपळ गवळाऊ जनावरे अशा वेळी लोकांच्या डोळ्यांत भरत. पटात जिंकलेल्या जोडीची किंमत दुसऱ्याच दिवशी वाढे, म्हणजे हा खेळ गुरांच्या बाजाराचाही एक भाग होता. उत्तम पैदाशीची पारख तेथे होई आणि त्या पारखीचे मोल कास्तकाराला रोख मिळे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा जनावरांच्या छळाविषयीचे न्यायालयाचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. शेपटी पिरगाळणे, टोचणे हे प्रकार घडत असत. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, २०२१च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३च्या मे महिन्यात घटनापीठाने ती कायम केली. पट पुन्हा सुरू झाले आहेत. मधल्या वर्षांत मात्र घरोघरची दावणीची जोडी जाऊन ट्रॅक्टर आला. आता जे बैल पळतात ते बहुतांशी पटासाठीच राखलेले असतात, वावरात राबणारे नसतात. नांगर आणि शर्यत यांची ही फारकत मला बंदीपेक्षाही अधिक दुःखद वाटते.

कुस्तीचे तसे झाले नाही. जत्रेतील दंगल, नारळापासून सुरू होऊन रोख इनामापर्यंत चढत जाणाऱ्या जोड्या, हलगीच्या तालावर मैदानाला फेरी घालणारा मल्ल, हे दृश्य वऱ्हाडात अजून दिसते. पण वऱ्हाडने देशाच्या क्रीडाजीवनाला दिलेली खरी देणगी दंगलीची नव्हे, शिक्षणाची आहे; आणि ती अमरावतीस घडली. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी तेथे हनुमान आखाडा स्थापन केला, तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने विख्यात झाला. तोवर तालीम म्हणजे वस्तादाच्या मर्जीवर चालणारे, एका पेठेचे वा एका जातीचे ठिकाण असे पुष्कळ ठिकाणी समीकरण होते. या मंडळाने मल्लखांब, लाठी, लेझीम, कुस्ती, आसने आणि देशी मैदानी खेळ यांना क्रमवार अभ्यासक्रमात बसविले, दूरदूरच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग भरविले आणि शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी आपापल्या प्रांतांत शाळांच्या पटांगणांवर ही विद्या नेली. खेळाडू घडविणाऱ्या संस्था पुष्कळ असतात. खेळ शिकविणारा घडविण्याची दृष्टी त्या काळी दुर्मीळ होती. ज्यांनी पुढे तपोवनात कुष्ठरोग्यांच्या सेवेला आयुष्य वाहिले त्या दाजीसाहेब पटवर्धनांचाही या कार्याशी निकटचा संबंध होता, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

१९३६च्या ऑगस्टात बर्लिन येथे ऑलिम्पिक सामने भरले, तेव्हा या मंडळाचे एक पथक तेथे गेले आणि त्याने कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगातून आलेल्या प्रेक्षकांपुढे करून दाखविली. कबड्डी त्या वेळी ऑलिम्पिकमध्ये खेळली गेली असे जे पुष्कळदा लिहिले जाते ते बरोबर नाही. ती अधिकृत स्पर्धा नव्हती, प्रात्यक्षिक होते. पण त्याचे महत्त्व त्यामुळे रतिभरही उणे होत नाही. या घटनेची दुसरी बाजू कोणी सहसा सांगत नाही, ती अशी की, त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १९३६ रोजी, ब्रिटिश बादशहा आणि निजाम यांच्यात वऱ्हाडसंबंधी नवा करार झाला. त्याने वऱ्हाडवरील निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य केले, प्रांताला ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असे नाव दिले आणि निजामाच्या थोरल्या पुत्राला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी बहाल केली. या सर्व घडामोडींत वऱ्हाडच्या रयतेला विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. आपल्या मुलखाचा मालक कोण हे परस्पर ठरविले जात असता, अमरावतीचे तरुण आपल्या मातीतले खेळ घेऊन जगापुढे उभे राहिले होते. माझ्या मते त्या वर्षातला वऱ्हाडचा खरा करारनामा हाच होय.

स्वायत्ततेचा प्रश्न स्वातंत्र्याबरोबर संपला नाही. ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोल्यास जो करार झाला त्यात संयुक्त महाराष्ट्राच्या पोटात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत, त्यांची स्वतंत्र विधिमंडळे अशी कल्पना होती. १९५३चा नागपूर करार आला, १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, आणि अखेर १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. क्रीडेच्या पटावर मात्र वेगळेपण टिकले. रणजी करंडकाच्या आरंभकाळात ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या नावाचा संघ उतरत असे. १९५७-५८पासून विदर्भाचा संघ स्वतंत्रपणे खेळू लागला. साठ वर्षे या संघाला कोणी गंभीरपणे घेतले नाही. मग २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन वेळा त्याने करंडक जिंकला. अकोल्याचा अथर्व तायडे, अमरावतीचा जितेश शर्मा ही नावे आता देशभर ठाऊक आहेत.

कापसाचे भाग्य असे फळले नाही. १९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ आले आणि त्याला पंजाबराव देशमुखांचे नाव मिळाले, १९७२ साली एकाधिकार खरेदी योजना आली, तिने काही वर्षे हमी दिली आणि पुढे तोट्याच्या ओझ्याखाली ती मोडली. २००२ नंतर बीटी बियाणे पसरले, बोंडअळी त्यालाही दाद देईनाशी झाली, कोरडवाहू वावरात कापसाची जागा सोयाबीनने घेतली. कर्जापायी शेतकऱ्यांनी आपल्या हाताने जीव द्यावेत, अशा बातम्यांनी या मुलखाचे नाव देशभर झाले, हे लिहिताना लेखणी जड होते.

आज बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी क्रीडा आणि अर्थव्यवस्था यांचा संबंध पाहायचा असेल तर पहाटे रस्त्यावर जावे. महानकडे, पिंजरकडे जाणाऱ्या रस्त्यांसारख्या साध्या डांबरी वाटांवर मुले आणि आता मुलीही धावत असतात. पोलीस भरतीत सोळाशे मीटरची धाव असते, गोळाफेक असते, शंभर मीटर असतात. दोन-तीन एकर कोरडवाहू शेतीवर घर चालणार नाही हे ओळखलेली ही पिढी आपल्या शरीरालाच भांडवल समजून राबविते. तिच्यात गुणवत्ता आहे, कष्टाची तयारी तर आहेच आहे. नाही ते मैदान, नाही ते मार्गदर्शन. गोळा फेकण्याची रीत कोणी दाखविलेली नसते, पायांत योग्य बूट नसतात, वयाची मर्यादा उलटली की धावणे थांबते आणि इतक्या वर्षांच्या साधनेचे पुढे काही होत नाही. यांच्यापैकी एखाद्याला शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करून गावातच शिक्षक होता येईल, हे त्याला सांगणारेही कोणी भेटत नाही. आणि असे शिक्षक तयार करणारी, शंभर वर्षांहून अधिक काळ नांदत आलेली संस्था आहे ती याच वऱ्हाडात, अमरावतीस.

तेव्हा माझी विनंती बाजार समित्यांच्या पंचांना आहे. या समित्यांचा मूळ कायदा वऱ्हाडचा आहे आणि एके काळी याच बाजारांतून धर्मादायाच्या नावाने शेतकऱ्याच्या पट्टीतून पैसा कापला जात होता. तो हिशेब आता त्याच्या मुलांच्या नावे जमा व्हावा. अकोला, मूर्तिजापूर, बार्शीटाकळी येथील समित्यांनी आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात तालुक्याच्या एका तालमीसाठी आणि एका धावपट्टीसाठी स्वतंत्र बाब घालावी, तेथे अमरावतीस शिकलेला एक शिक्षक पगारी नेमावा, आणि ती बाब दरसालच्या सभेत शेतकऱ्यांपुढे वाचून दाखवावी. जिनिंग-प्रेसवाल्यांनी आणि अडत्यांनी तीत आपला वाटा स्वखुशीने घातला, तर पुढच्या भरतीच्या आधीच हे काम सुरू होऊ शकेल.